‘ते छातीवर बसतात’ : क्लोझापीनच्या तिसऱ्या आठवड्यातलं एक प्रकरण

ओळख पटेल असे सगळे तपशील बदलले आहेत. अशाच वळणाने गेलेल्या आणखी एका रुग्णाच्या काही नोंदीही यात मिसळल्या आहेत. चुका मात्र बदललेल्या नाहीत. त्या माझ्या आहेत, म्हणून माझ्याच तोंडून सांगतो.

रुग्ण २७ वर्षांचा तरुण. आजार एकोणिसाव्या वर्षी सुरू झाला. आधी संशय, मग आवाज, मग घराबाहेर पडणं बंद. रिस्पेरिडोन पूर्ण डोसवर तीन महिने दिलं, त्यानंतर ऑलान्झापीन २० मिलिग्रॅम पाच महिने. दोन्ही वेळा मोठी बहीण गोळी हातावर ठेवायची आणि गिळेपर्यंत समोर उभी राहायची, त्यामुळे ‘औषध घेत नसेल’ ही आमची नेहमीची पळवाट इथे बंद होती. आवाज जराही हटले नाहीत. दोन औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे आठवडे देऊनही फरक पडला नाही, की त्याला औषधांना दाद न देणारा स्किझोफ्रेनिया म्हणतात. स्किझोफ्रेनियाच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांच्या वाट्याला हे येतं. तिथून पुढे ज्याचा भरवसा धरावा असं औषध एकच, क्लोझापीन.

दाखल करताना लिहिलेल्या दोन गोष्टी आधीच सांगतो, कारण त्या वेळी कुणी त्यांच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलं नाही. एक, तो दिवसाला पंधरा-वीस सिगारेटी ओढायचा. दोन, त्याला सोडियम व्हॅल्प्रोएट (फिट थांबवणारं आणि मूड सावरणारं औषध) १००० मिलिग्रॅम चालू होतं. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी चिडचिडीसाठी सुरू केलेलं. मी बहिणीला विचारलं, याचा उपयोग झाला का? ती म्हणाली, “माहीत नाही डॉक्टर, चालू आहे म्हणून चालू आहे.” मीही चालूच ठेवलं.

पहिले चौदा दिवस

सुरुवात साडेबारा मिलिग्रॅमने केली. पाचव्या दिवशी १००, नवव्या दिवशी २२५, चौदाव्या दिवशी ३००. औषधाच्या माहितीपत्रकात बसणारी गती आहे ही, बेफाम म्हणता येणार नाही. पण खरं कारण माहितीपत्रक नव्हतं. बहिणीची रजा संपत आली होती, वॉर्डात जागेची ओढाताण होती आणि आठव्या दिवसापासून तो झोपायला लागला होता. औषध लागू पडताना दिसलं की डॉक्टरचा हात सैल सुटतो.

वॉर्डात धूम्रपान बंद, म्हणजे त्याच्या सिगारेटी पहिल्याच दिवशी सुटल्या. हा बदल साधा नाही. सिगारेटच्या धुरातली काही रसायनं यकृतातल्या सीवायपी१ए२ या विकराला (एन्झाइमला) कामाला जुंपतात, आणि क्लोझापीनची विल्हेवाट मुख्यतः तोच विकर लावतो. (निकोटीनचा यात संबंध नाही, दोष धुराचा.) धूर थांबला की काही दिवसांतच विकर मंदावतो आणि त्याच डोसवर रक्तातली औषधाची पातळी चढते. म्हणजे मी कागदावर ३०० लिहीत होतो, पण त्याच्या रक्तात आणखी बरंच जास्त साचत होतं.

चौदाव्या दिवशी राउंडला तो पहिल्यांदा आपणहून बोलला. “आवाज आहेत, पण पलीकडच्या खोलीत गेलेत.” आठ वर्षांत असं वाक्य त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. बहीण दाराशी उभी होती. ती काही न बोलता खाली जाऊन आली, डोळे पुसून आली असावी. मी फाइलवर ‘उत्तम प्रतिसाद’ लिहिलं.

त्याच पानावर डाव्या समासात नाडीचे आकडे होते. पहिल्या दिवशी ७८, आठव्या दिवशी १०४, अकराव्या दिवशी ११२, चौदाव्या दिवशी ११४. शिकाऊ डॉक्टरने विचारलं, “सर, पल्स वाढतेय?” मी म्हणालो, “क्लोझापीनची टॅकी आहे.” हे उत्तर चूक नव्हतं. क्लोझापीनवर चारातल्या एका रुग्णाची नाडी वाढतेच. हृदयाला सबुरीत ठेवणारी व्हेगस ही नस औषधामुळे दबते, वर हृदयाला पळवणारं नॉरॲड्रेनालिनही वाढतं. बहुतेकांना त्याने काही होत नाही. पण म्हणूनच ते उत्तर धोक्याचं होतं, कारण ते दिल्यावर पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. नाडी खाली आणायला प्रोप्रॅनोलॉल द्यावं असं मनात आलं होतं. उभं राहिल्यावर त्याचा रक्तदाब खाली येत होता म्हणून दिलं नाही. दिलं असतं तर नाडी नव्वदीत दिसली असती आणि होता तो इशाराही पुसला गेला असता.

सोळावा दिवस

सकाळी १०१ ताप. अंग दुखतंय, दोनदा पातळ शौचाला झालं. घसा स्वच्छ, छाती स्वच्छ.

क्लोझापीनच्या रुग्णाला ताप आला की आमच्या पोटात गोळा येतो, आणि त्यामागे इतिहास आहे. १९७५ साली फिनलंडमध्ये या औषधावर असलेल्या काही रुग्णांच्या पांढऱ्या पेशी इतक्या घटल्या की साध्या संसर्गाने आठ जण दगावले. औषध जवळजवळ बाजारातून गेलंच होतं. १९८८ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात, इतर औषधांना दाद न दिलेल्या रुग्णांपैकी ३० टक्के क्लोझापीनवर सुधारले, तर क्लोरप्रोमॅझीनवर फक्त ४ टक्के. त्यानंतर ते परत आलं ते एका अटीवर, दर आठवड्याला रक्त तपासायचं, पेशी मोजायच्या. आमची अख्खी पिढी या अटीवर वाढली. क्लोझापीन म्हटलं की न्यूट्रोफिल, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, हे हाताला वळण पडलेलं आहे.

तर मी तातडीने रक्त पाठवलं. दोन तासांत रिपोर्ट आला. न्यूट्रोफिल ६८००. मी लाल पेनाने त्या आकड्याभोवती गोल काढला, शेजारी बरोबरची खूण केली. पॅरासिटामॉल, भरपूर पाणी, विषाणूजन्य ताप असावा. ती लाल खूण अजून फाइलमध्ये आहे. तिच्या खाली दोन ओळींवर इओसिनोफिल (ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) ५ टक्के लिहिलेलं आहे. त्या ओळीवर नजर गेल्याचं मला आठवत नाही. गेली असती तरी ५ टक्क्यांवरून काही ठरवता आलं नसतं. पुढे जो हृदयाच्या स्नायूंचा दाह निघाला, त्यात इओसिनोफिल बरेचदा काही दिवस उशिरा चढतात, आणि त्याचे त्यानंतर पाचव्या दिवशी १४ टक्क्यांवर गेले. पण न पाहणं ते न पाहणंच.

१९९९ साली ऑस्ट्रेलियातून एक छोटा अहवाल आला होता. सहा वर्षांत क्लोझापीन सुरू केलेल्या ८००० रुग्णांमध्ये १५ जणांना हृदयाच्या स्नायूंचा दाह झाला, म्हणजे मायोकार्डायटिस. पाच जण गेले. पंधराही जणांत हे औषध सुरू केल्यापासून तीन आठवड्यांच्या आत घडलं होतं. पुढे तिथे काटेकोरपणे शोधायला लागल्यावर प्रमाण शंभरात एक किंवा त्याहून जास्त निघालं. बाकी जगात ते कितीतरी कमी नोंदलं जातं. सगळे अभ्यास एकत्र केले तर हजारात सात असं उत्तर येतं. ऑस्ट्रेलियन माणसाचं हृदय वेगळं नसतं. तिथे शोधतात, इतरत्र बहुधा ‘विषाणूजन्य ताप’ लिहितात, असं माझं मत आहे. मी तेच लिहिलं होतं.

सतरावी रात्र

त्या रात्रीची नर्सची नोंद जशीच्या तशी देतो. ‘रुग्ण आडवा होत नाही. भिंतीला टेकून बसला आहे. म्हणतो ते छातीवर बसतात. आडवं झालं की जवळ येतात.’

याच आशयाची नोंद आदल्या रात्रीचीही होती. सकाळच्या राउंडला मी ती वाचली होती आणि मानसिक तपासणीच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘स्पर्शाचे भास? आवाजांबद्दल संशय कायम.’ म्हणजे चौदाव्या दिवशी पलीकडच्या खोलीत गेलेले आवाज सोळाव्या दिवशी छातीवर येऊन बसले, आणि मला त्यात विचित्र काहीच वाटलं नाही. उलट डोस अजून पुरेसा नाही, असा अर्थ काढून मी सतराव्या दिवसासाठी ३५० लिहिले.

आता वाटतं, ज्या माणसाला गेली आठ वर्षं शरीरात जे काही होतं ते ‘त्यांनी’ केलेलं वाटतं, तो धाप लागल्यावर दुसऱ्या कुठल्या शब्दांत सांगणार होता? आडवं झालं की फुफ्फुसात पाणी चढतं, छातीवर कुणी बसल्यासारखं होतं, बसलं की बरं वाटतं. हृदय थकल्याचं याहून चोख वर्णन आमच्या पुस्तकातही नाही. त्याने लक्षण अगदी बरोबर सांगितलं होतं. मी ते चुकीच्या रकान्यात टाकलं.

रात्री पावणेदोनला नर्सचा फोन आला. “डॉक्टर, हा बसून झोपतोय. कालही बसूनच होता. श्वास मोजला, २६ आहे. आवाजांचं तो नेहमीच सांगतो, पण पाय गार लागतायत.” पाय गार आहेत, एवढं एक वाक्य मला जागं करायला पुरलं.

नाडी १२४, रक्तदाब ९६/६०, ताप १००. छातीत दुखतंय का? “नाही.” नीट विचारल्यावरही नाही. या दाहात छातीत दुखणं थोड्याच रुग्णांना होतं. बाकीचे ताप, जुलाब, खोकला, अंगदुखी, लघवीची जळजळ अशा कुठल्याही वेशात येतात. ईसीजीत वेगवान पण नियमित ठोके, डाव्या बाजूच्या लीड्समध्ये टी तरंग उलटे. ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात उतरणारं प्रथिन, वरच्या मर्यादेच्या १९ पट. सीआरपी, म्हणजे शरीरातल्या दाहाचं माप, १४२. पहाटे चारला झालेल्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) इजेक्शन फ्रॅक्शन ३८ टक्के, म्हणजे डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तातलं एका ठोक्याला ३८ टक्केच बाहेर पडत होतं. निदान ५५ तरी हवं. भिंती सगळीकडून सारख्याच आळसावलेल्या. क्लोझापीन आणि व्हॅल्प्रोएट दोन्ही त्याच क्षणी बंद केली आणि त्याला हृदयरोग अतिदक्षता विभागात हलवलं.

दुसऱ्या दिवशी मी प्रयोगशाळेत जाऊन सोळाव्या दिवसाचं उरलेलं रक्त आहे का ते विचारलं. क्षार तपासायला पाठवलेल्या नळीतलं थोडं सीरम शीतपेटीत शिल्लक होतं. त्यात सीआरपी १०४ निघाला, ट्रोपोनिन मर्यादेच्या तिप्पट. ऑस्ट्रेलियातल्याच संशोधकांनी २०११ साली एक साधी पद्धत सुचवली होती. औषधाआधी ट्रोपोनिन, सीआरपी आणि इको, मग ७, १४, २१ आणि २८ व्या दिवशी ट्रोपोनिन-सीआरपी. नाडी १२० च्या वर गेली किंवा ३० ने वाढली, सीआरपी ५० ते १०० मध्ये आला किंवा ट्रोपोनिन थोडंसं वाढलं तर औषध चालू ठेवून रोज तपासायचं. ट्रोपोनिन दुपटीच्या वर किंवा सीआरपी १०० च्या वर गेला तर थांबायचं. या हिशेबाने त्याचं क्लोझापीन सोळाव्या दिवशी दुपारीच थांबायला हवं होतं. नाडी ३० ने वाढण्याची रेषा तर त्याने अकराव्या दिवशीच ओलांडली होती. रक्त आम्ही काढलं होतंच. सुई टोचली होती, नळी भरली होती, नळी योग्य ठिकाणी पोहोचलीही होती. तपासणीच्या चिठ्ठीवर दोन शब्द जास्त लिहायचे राहिले.

याच गटाने पुढच्या वर्षी धोका कशाने वाढतो तेही मोजलं. पहिल्या नऊ दिवसांतल्या एकूण डोसमध्ये दर जादा २५० मिलिग्रॅममागे धोका २६ टक्क्यांनी वाढतो. सोबत व्हॅल्प्रोएट असेल तर अडीच पट. माझ्या रुग्णाकडे दोन्ही होतं, वर सुटलेली सिगारेट. दाह नेमका का होतो याचं एकच उत्तर नाही. ॲलर्जीसारखी प्रतिक्रिया असावी, असं स्नायूंत सापडणाऱ्या इओसिनोफिलांवरून वाटतं. शिवाय दाह सुरू झाला की तोच सीवायपी१ए२ आणखी मंदावतो, पातळी आणखी चढते, म्हणजे आग लागली की तेलही आपोआप ओतलं जातं. हळू चढवलं तर धोका कमी होतो, एवढं बहुतेक सगळे मान्य करतात.

ईसीजीचा वेगळाच घोळ

अतिदक्षता विभागात तिसऱ्या दिवशी तो बिथरला. घामाने चिंब, उलट्या, झोप शून्य, नळ्या ओढायला लागला. हृदय बिघडलं की मन, असा वाद दोन विभागांत सुरू झाला. दोन्हीपैकी काहीच नव्हतं. क्लोझापीन ॲसिटिलकोलीनला दाबून ठेवतं. ते एका रात्रीत काढलं की दबलेली स्प्रिंग उसळते. उलट्या, घाम, अस्वस्थता हे त्या उसळीचं रूप. (म्हणून, हे वाचून कुणी घरात चालू असलेलं क्लोझापीन स्वतःहून बंद करू नये. शंका आली तर त्याच दिवशी डॉक्टर आणि रक्ततपासणी.)

तिथल्या तरुण डॉक्टरला शिरेतून हॅलोपेरिडॉल (बिथरलेल्याला शांत करणारं मनोविकाराचं औषध) द्यायचं होतं, पण ईसीजीची पट्टी हातात घेऊन तो थबकला. मशीनने क्यूटीसी (नाडीच्या वेगानुसार दुरुस्त केलेला क्यूटी) ४८१ छापलं होतं. “सर, तुमच्या औषधांनी क्यूटी वाढवलाय.”

मनोविकाराची औषधं आणि हृदय म्हटलं की बहुतेक डॉक्टरांच्या डोक्यात ही एकच गोष्ट येते, आणि ती उगाच नाही. ठोका झाल्यावर हृदयाच्या पेशी पोटॅशियम बाहेर सोडून पुन्हा सज्ज होतात. यातली बरीच औषधं पोटॅशियमचं ते दार अडवतात. सज्ज व्हायला लागणारा वेळ लांबला, म्हणजे क्यूटी लांबला, की क्वचित हृदय एका पिळदार, जीवघेण्या लयीत जातं. याच कारणाने सर्टिंडोल १९९८ साली युरोपात थांबवलं गेलं आणि थायोरिडाझीन २००५ साली त्याच्या कंपनीने जगभरातून मागे घेतलं. शिरेतून दिलेल्या हॅलोपेरिडॉलबद्दल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये इशारा दिला. २००९ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात ही औषधं घेणाऱ्यांमध्ये हृदय अचानक बंद पडून मृत्यू येण्याचं प्रमाण सुमारे दुप्पट दिसलं. जुनी औषधं असोत की नवी, फारसा फरक नाही, आणि डोस वाढेल तसं प्रमाण वाढत गेलं.

पण हा आकडा मात्र फसवा होता. पट्टीवर मी स्वतः मोजलं. क्यूटी ३४० मिलिसेकंद, नाडी १२०, म्हणजे दोन ठोक्यांत अर्धा सेकंद. मशीन बॅझेटचं सूत्र वापरतं, ते अंतराच्या वर्गमुळाने भागतं. ३४० भागिले ०.७०७, उत्तर ४८१. फ्रिडरिशियाचं सूत्र घनमुळाने भागतं. ३४० भागिले ०.७९४, उत्तर ४२८. दोन्ही सूत्रं १९२० सालची. नाडी साठच्या आसपास असेल तर दोघांचं उत्तर जवळजवळ एकच येतं, पण वेगवान नाडीला बॅझेट फुगवून सांगतो. पुरुषांत ४५० पर्यंत चिंता नाही, ५०० ओलांडलं तर असं औषध द्यायचंच नाही. त्याचा क्यूटी ठीक होता.

तरीही हॅलोपेरिडॉल दिलं नाही. जुलाब आणि लघवीच्या औषधाने त्याचं पोटॅशियम ३.२ वर आलं होतं आणि सुजलेलं हृदय बेताल व्हायला टपलेलंच असतं. क्यूटी आज चांगला आहे म्हणून दार अडवणारं औषध शिरेतून ओतायचं, हा जुगार झाला. लोराझेपाम हे शांत करणारं औषध तोंडाने, थोडं थोडं दिलं, पोटॅशियम चारच्या वर नेलं, आणि बहिणीला आत बसू दिलं. शेवटच्या उपायासाठी नियम वाकवावा लागला, पण गुण त्याचाच जास्त आला.

या सगळ्यात मला बोचलं ते वेगळंच. क्लोझापीन सुरू करण्याआधी मी ईसीजी काढला होता, क्यूटीसी ४१० पाहिला होता आणि ‘हृदय तपासलं’ असं समजून निश्चिंत झालो होतो. एका धोक्याची तपासणी दुसऱ्या धोक्याची पावती म्हणून फाइलला लावली होती.

हृदय बरं झालं

हृदयाचं पुढे सरळ गेलं. नाडी संथ ठेवणारा बीटा ब्लॉकर, हृदयावरचा भार हलका करणारा एसीई इनहिबिटर, विश्रांती. स्टेरॉइडवर चर्चा झाली, फायद्याचा भक्कम पुरावा नाही म्हणून टाळलं. चोविसाव्या दिवशीच्या एमआरआयमध्ये डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या थरात दाहाचे डाग दिसले. स्नायूचा तुकडा काढून तपासण्याची गरज मग कुणाला वाटली नाही. दहा दिवसांत सीआरपी उतरला. सहाव्या आठवड्यात इजेक्शन फ्रॅक्शन ५२, तीन महिन्यांनी ५८. सहा महिने धावपळ, वजनं उचलणं बंद.

क्लोझापीन बंद झाल्यावर आवाज तिसऱ्या आठवड्यात परत आले. पुन्हा ऑलान्झापीन, त्यावर ॲमिसल्प्राइड, क्यूटीवर नजर ठेवून. सात महिने. तो परत भिंतीकडे तोंड करून बसायला लागला, अंघोळ बंद, बहिणीशीही बोलणं बंद. एका भेटीत मी इकोचा कागद दाखवून म्हणालो, हृदय पूर्ववत आहे. ती म्हणाली, “हृदय परत दिलंत डॉक्टर. आता भाऊ पण द्या.”

असं झाल्यावर क्लोझापीन पुन्हा देऊ नये, हा सर्वसाधारण नियम आहे, आणि बहुतेक रुग्णांसाठी तो योग्यच आहे. पण पुन्हा दिल्याची जी प्रकरणं प्रसिद्ध झाली आहेत, त्यांत निम्म्याहून अधिक जणांना औषध सोसलं. अर्थात फसलेले प्रयत्न कुणी उत्साहाने छापत नाही, तेव्हा खरा आकडा कमीच असणार. दुसऱ्या पारड्यात हेही टाकावं लागतं की २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, अकरा वर्षांच्या नोंदी तपासलेल्या एका मोठ्या अभ्यासात सर्वांत कमी मृत्यू क्लोझापीन घेणाऱ्यांत दिसले. तो अभ्यास फिनलंडचा, जिथून १९७५ साली भीती सुरू झाली होती. क्लोझापीन न देणं म्हणजे धोका टाळणं, असं समीकरण मला तेव्हापासून मांडता येत नाही.

हृदयरोगतज्ज्ञ आधी ठाम नाही म्हणाले. दुसऱ्या बैठकीत म्हणाले, “तुम्ही चढवाल त्या गतीने नाही. मी सांगेन त्या गतीने.” मला ते बोलणं लागलं, आणि ते बरोबर होतं. रुग्णाशी तीन वेळा बोललो. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, “ते परत छातीवर बसले तर तुम्ही ऐकाल का?” बहिणीने नाही, त्याने विचारलं. त्याच्या संमतीच्या कागदावर मी हा प्रश्न तसाच लिहून घेतला आहे.

आठ महिन्यांनी सव्वासहा मिलिग्रॅम. व्हॅल्प्रोएट नाही. बीटा ब्लॉकर चालू असल्याने नाडीवर विसंबता येणार नव्हतं, म्हणून पहिले दोन आठवडे रोज ट्रोपोनिन आणि सीआरपी, पुढे एक दिवसाआड, दर आठवड्याला इको. चार-पाच दिवसांनी साडेबारा मिलिग्रॅमची पायरी, त्याहून मोठी नाही. पन्नासाव्या दिवसाच्या आसपास सीआरपी ४१ झाला. आम्ही सगळे श्वास रोखून बसलो. दाढ सुजली होती. डोस चार दिवस होता तिथेच ठेवला, दाढ काढली, सीआरपी उतरला. सिगारेट त्याने मधल्या काळात पुन्हा धरली होती. सोडायचीच आहे, पण आम्हाला न सांगता एका दिवसात सोडायची नाही, असं ठरलं. माझ्या आयुष्यात रुग्णाला दिलेला हा सर्वांत चमत्कारिक सल्ला.

१२ व्या आठवड्यात २०० मिलिग्रॅम. रक्तातली पातळी मिलिलिटरमागे ३८० नॅनोग्रॅम. साधारण ३५० च्या वर गुण येतो असं मानतात, म्हणून तिथेच थांबलो. आवाज गेलेले नाहीत. पण तो दाराकडे तोंड करून बसतो.

आता चौदावा आठवडा चालू आहे. तो दर भेटीला एक वही आणतो. रकाने बहिणीने आखलेत, आकडे तो भरतो. तारीख, नाडी, ताप, सिगारेटी किती. शेवटचा रकाना मी सांगितला नव्हता, तो त्यानेच वाढवलाय. वर लिहिलंय ‘झोप’, आणि खाली रोज एकच शब्द, आडवा. आडवा. आडवा. मागच्या मंगळवारी ‘बसून’ लिहिलं होतं. मी पान पुढे सरकवून विचारायच्या आत तो म्हणाला, “मॅच होती.” तरी मी त्या दिवशी ट्रोपोनिन पाठवलं.